जळगावची लोकल आणि विमानतळाची रेल्वे: निवेदनात नेमकं काय मागायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे भाऊ भुसावळला राहतात, जळगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत आणि रोज रेल्वेने अप-डाऊन करतात. जळगाव एवढं वाढलं, विमानतळ झाला, तरी भुसावळ–जळगाव–पाचोरा–चाळीसगाव लोकल का नाही? कुसुंब्याच्या विमानतळापर्यंत रेल्वे का जात नाही? आणि प्रवाशांनी मिळून निवेदन द्यायचं तर त्यात काय लिहायचं?

भाऊ, माझी सगळी नोकरी रेल्वेच्या परिचालन विभागात गेली. आधी स्टेशन मास्तर, मग सेक्शन कंट्रोलर, शेवटची वर्षं वेळापत्रकाच्या टेबलावर. त्यामुळे मी या प्रश्नाकडे रुळाच्या बाजूने बघतो. राजकीय इच्छाशक्तीचा मुद्दा खोटा नाही, पण इच्छाशक्ती असलेला माणूससुद्धा चुकीची मागणी घेऊन गेला तर त्याला "विचाराधीन आहे" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू.

भुसावळ ते जळगाव २४ किलोमीटर. या पट्ट्यात गाड्यांचा तुटवडा कधीच नव्हता. मुंबईहून हावड्याकडे, नागपूरकडे, उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या इथून जातात, आणि सुरतेकडची वाहतूक जळगावला येऊन मिळते. तरी तुम्ही सकाळी फलाटावर उभे राहून एकमेकांना "कुठं अडकली भो?" म्हणून विचारत असता, कारण यातल्या बहुतेक गाड्या तुमच्यासाठी आखलेल्याच नाहीत. हजार-बाराशे किलोमीटरवरून येणारी गाडी तासभर मागे पडली तर लांबच्या प्रवाशाचं फारसं बिघडत नाही. तुमचा मात्र अर्ध्या दिवसाचा पगार जातो. त्यात ठरवून दिलेल्या डब्यांखेरीज आरक्षित डब्यात पास चालत नाही, सुपरफास्टला पासावर वेगळा अधिभार लागतो, आणि जनरलचे मोजके डबे मागूनच भरून आलेले असतात. म्हणजे गाड्या भरपूर, पण भरवशाची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाही.

तेव्हा तुमची खरी गरज मी अशी मांडेन: आपल्याच भागात सुरू होणारी, आपल्याच भागात संपणारी आणि पाळीच्या वेळेशी जुळणारी गाडी. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, त्यांतली एक चुकली तर दुसरी अर्ध्या-पाऊण तासात. तिला लोकल म्हणा, मेमू (वेगळं इंजिन न लावता विजेवर धावणारी छोट्या अंतराची गाडी) म्हणा की पॅसेंजर म्हणा. अप-डाऊन करणाऱ्याला गाडी थोडी हळू चालली तरी खपतं, वेळ चुकलेली खपत नाही.

अशा गाड्या आपल्याकडे अगदीच नव्हत्या असं नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे देशभरातल्या पॅसेंजर थांबल्या. नंतर त्या टप्प्याटप्प्याने परत आल्या, काही मेमूच्या रूपात, काही एक्सप्रेस म्हणून, काही आल्याच नाहीत. कमीत कमी तिकीट १० रुपयांचं ३० झालं होतं, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा १० वर आलं. भाड्याचा प्रश्न सुटला, वेळेचा सुटला नाही. बंद झालेल्या पॅसेंजरची रुळावरची वेळ रिकामी पडून राहत नाही; तिथे मालगाडी बसते किंवा एखादी नवी एक्सप्रेस बसते, आणि एकदा बसली की तिला उठवणं फार कठीण जातं. या रुळावरच्या राखीव वेळेला आम्ही पाथ म्हणतो. निवेदनात हा शब्द वापरा. डबे मिळतात, इंजिनं मिळतात, पाथ मिळत नाही.

तो का मिळत नाही हे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक चर्चा इथेच भरकटतात. दोन स्टेशनांमधल्या तुकड्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात. साध्या पद्धतीत एका वेळी एका लाईनवर, एका सेक्शनमध्ये एकच गाडी सोडता येते. स्वयंचलित सिग्नल बसवले की तोच तुकडा साधारण किलोमीटर-किलोमीटरच्या भागांत विभागला जातो आणि एकामागे एक गाड्या सोडता येतात. लाईनची क्षमता काढायला रेल्वेत स्कॉटचं सूत्र वापरतात: दिवसाची १४४० मिनिटं, भागिले सर्वांत अडचणीच्या सेक्शनमध्ये सावकाश गाडीला लागणारी मिनिटं अधिक सिग्नल-ब्लॉकच्या कामाची मिनिटं, आणि आलेल्या उत्तराचे ७० टक्के धरायचे. समजा मालगाडीला एक सेक्शन पार करायला १२ मिनिटं लागतात आणि ब्लॉकच्या कामाला ३. मग १४४० भागिले १५ म्हणजे ९६, त्याचे ७० टक्के ६७. म्हणजे त्या लाईनवर दिवसाला साधारण ६७ गाड्या सुखाने चालतील. त्यापुढची प्रत्येक गाडी चालते, पण दुसऱ्या कुणाला तरी लूप लाईनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभं करून.

हे ७० टक्के कागदावरचे असले तरी त्यांत जगण्याचा हिशोब आहे. रूळ तपासायला, ओव्हरहेड तारेच्या दुरुस्तीला रोज दोन-तीन तासांचा ब्लॉक, म्हणजे लाईन बंद ठेवून कामाला दिलेली वेळ, लागतो. तो टाळला तर गाड्या सुरक्षित चालणार नाहीत. हा ब्लॉक बहुतेक ठिकाणी दिवसा, गर्दीची वेळ टाळून घेतात, म्हणून दुपारची पॅसेंजर हीच सगळ्यांत जास्त वेळा रद्द होणारी गाडी असते. दुपारची फेरी मागणार असाल तर हे आधीच लक्षात घ्या.

याहून मोठी अडचण वेगातल्या फरकाची. अरुंद गाडरस्त्यावर पुढे बैलगाडी आणि मागे जीप असली की जीपचा वेग काही कामाचा राहत नाही. रुळावर तर बाजूला घेऊन पुढे काढायलाही जागा फक्त स्टेशनातच. जळगाव ते पाचोरा ४७-४८ किलोमीटर. मध्ये शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे. न थांबणारी एक्सप्रेस हे अंतर अर्ध्या तासात काढते. प्रत्येक ठिकाणी थांबणाऱ्या मेमूला पाऊण तास तरी धरा, कारण एका थांब्यात ब्रेक लावणं, मिनिटभर थांबणं आणि पुन्हा वेग घेणं मिळून दोन ते तीन मिनिटं जातात. म्हणजे जळगावहून मेमू सुटल्यावर दहा मिनिटांनी एक्सप्रेस सोडली तर ती म्हसावद-माहेजीच्या आसपासच मेमूच्या पाठीला लागणार. मग कंट्रोलरकडे दोनच पर्याय: एक्सप्रेसला मागे रखडवायचं, नाहीतर मेमूला लूपवर घेऊन एक्सप्रेस पुढे काढायची. तुम्हाला माहेजीला विनाकारण उभं राहिल्यासारखं वाटतं ते याच कारणाने. एका थांबत जाणाऱ्या गाडीपायी दोन-तीन एक्सप्रेसचे पाथ जातात. इगतपुरी–भुसावळ मार्गावर कमाल वेग ताशी १३० किलोमीटरपर्यंत वाढवला, ही लांबच्या प्रवाशांसाठी चांगली गोष्ट झाली. पण एक्सप्रेस जितकी वेगवान तितकी तिच्यात आणि मेमूत तफावत जास्त, आणि तितकी लोकलसाठी जागा कमी.

पुणे–लोणावळा लोकल १९७८ पासून याच अडचणीत चालते आहे. दोनच लाईन, त्यावरच मुंबई-पुण्याच्या सगळ्या एक्सप्रेस आणि मालगाड्या. गर्दी भरपूर असूनही फेऱ्या मनासारख्या वाढवता येत नाहीत. "पुण्याला आहे, मग आम्हाला का नाही" असं निवेदनात लिहाल तर अधिकारी तुम्हाला पुण्याचंच उदाहरण उलटं दाखवतील. ते उदाहरण देऊ नका.

आता आशेचा भाग, आणि तो खराच आशेचा आहे. जळगाव–भुसावळ दरम्यान तिसरी आणि चौथी लाईन झाली आहे. मनमाड–जळगाव १६० किलोमीटरच्या तिसऱ्या लाईनचं काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकलं आहे, आणि याच पट्ट्यातली चौथी लाईन केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. त्याच निर्णयात भुसावळ–खंडवा तिसरी आणि चौथी लाईनसुद्धा आहे, १३१ किलोमीटरची. खान्देशच्या रुळांवर एवढं काम एका वेळी मंजूर झालेलं मी माझ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

पण नवी लाईन आली म्हणजे लोकल आली, असं धरून चालू नका. या लाईन मंजूर होतात त्या मुख्यतः मालवाहतुकीच्या हिशोबावर. कोळसा, सिमेंट, कंटेनर, धान्य. दीपनगरच्या वीजकेंद्राला लागणारा कोळसाही रुळावरूनच येतो. त्यामुळे आराखड्यात तिसरी-चौथी लाईन छोट्या स्टेशनांच्या बाजूने सरळ निघून जाते, आणि तिथे तिला फलाटच नसेल तर त्या लाईनवर मेमू घालून उपयोग काय? मेमू पुन्हा मधल्या दोन लाईनवरच येणार, एक्सप्रेसच्या पुढ्यात. म्हणून माझं सगळ्यांत कळकळीचं सांगणं हे: चौथ्या लाईनचं काम होतंय तोवरच शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, गाळण, नगरदेवळा, कजगाव, वाघळी या स्टेशनांवर नव्या लाईनला फलाट आणि पादचारी पूल मिळतो की नाही ते बघा. काम सुरू असताना फलाटाची माती तिथेच पडते, यंत्रं तिथेच असतात. पाच वर्षांनी तोच फलाट मागाल तर नवी मंजुरी, नवा निधी, चालू लाईनवर काम करायचे ब्लॉक, सगळं पहिल्यापासून. तुमच्या निवेदनातला हा पहिला मुद्दा असायला हवा, लोकलच्याही आधी.

दुसरा मुद्दा गाडी कुठे संपवायची हा. बहुतेक निवेदनांत "भुसावळ ते जळगाव शटल" असं असतं. तसं मागू नका. जळगाव स्टेशनात गाडी संपली की ती फलाट अडवून उभी राहते, आणि दोन दिशांच्या वाहतुकीच्या जंक्शनवर फलाट ही सगळ्यांत महाग जागा. त्याऐवजी गाडी जळगावहून आरपार न्या. सकाळी चाळीसगावहून निघालेली मेमू पाचोरा, जळगाव करत भुसावळला जाईल. त्याच सुमाराला भुसावळहून निघालेली जळगाव करत पाचोरा-चाळीसगावला. भुसावळ ते चाळीसगाव ११७ किलोमीटर, थांबत दोन-सव्वादोन तास. जळगावला फक्त दोन-तीन मिनिटांचा थांबा. एका बाजूने जळगावचे नोकरदार, कॉलेजची मुलं, सरकारी दवाखान्यात आणि बाजारात येणारी माणसं उतरतील. त्याच गाडीत भुसावळला रेल्वेत, आयुध निर्माणीत जाणारी माणसं चढतील. गाडी दोन्ही टप्प्यांत भरलेली धावेल. मेमूला इंजिन फिरवायची भानगड नसते, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, त्यामुळे टोकाच्या स्टेशनात ती पटकन उलटी निघते. दोन रेकवर, म्हणजे डब्यांच्या दोन पूर्ण संचांवर, सकाळ-संध्याकाळचा सगळा खेळ बसवता येतो.

सुरत लाईनच्या बाजूला परिस्थिती वेगळी आहे, आणि माझ्या मते तिथे लोकल लवकर शक्य आहे. उधना–जळगाव ३०७ किलोमीटरचं दुहेरीकरण पूर्ण झालं, तेव्हापासून त्या मार्गावर श्वास घ्यायला जागा झाली. अमळनेर, धरणगाव, पाळधीहून जळगावला येणारा वर्ग मोठा आहे. बांभोरीचं विद्यापीठ पाळधीच्या बाजूलाच आहे. पाळधी स्टेशनातून विद्यापीठापर्यंत गाडीच्या वेळेला एसटीची बस लागली तर अमळनेर-धरणगावच्या मुलींना महामार्गावरच्या काळी-पिवळीत कोंबून जावं लागणार नाही. मात्र इथली गुंतागुंत कारभाराची आहे. ताप्ती खोऱ्याची ही लाईन पश्चिम रेल्वेची, आणि जळगाव स्टेशन, पुढचं भुसावळ मध्य रेल्वेचं. नंदुरबारहून किंवा अमळनेरहून भुसावळला जाणारी गाडी जळगावला एका झोनच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. रेक कोणाचा, चालक-गार्ड कुठे बदलायचे, उशीर कुणाच्या खात्यावर, देखभाल कुठे, हे प्रश्न छोटे दिसतात, पण दोन झोनच्या टेबलांमध्ये फायली याच प्रश्नांवर अडतात. म्हणून अमळनेर–भुसावळ फेरीचं निवेदन दोन्ही झोनला एकाच दिवशी, एकाच मजकुराचं द्या, आणि त्यात एकमेकांना दिलेल्या प्रतीचा उल्लेख करा. नाहीतर एक म्हणेल त्यांच्याकडून प्रस्ताव नाही आला, दुसराही तेच म्हणेल.

इथे धुळ्याचाही विचार करा. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजारांचं, धुळे पावणेचार लाखांचं, भुसावळ १ लाख ८७ हजारांचं. तरी धुळ्याहून जळगावला थेट गाडी नाही. चाळीसगावला जा, तिथून बदला. इंदूर–मनमाड ३०९ किलोमीटरची नवी लाईन सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्या मार्गावरचा बोरविहीर–नरडाणा तुकडा पुरा झाला की धुळे सुरत लाईनला नरडाण्याशी जोडलं जाईल. मग चाळीसगाव–धुळे–नरडाणा–अमळनेर–जळगाव–पाचोरा–चाळीसगाव असं एक वर्तुळ तयार होतं. वर्तुळ झालं की एका बाजूला ब्लॉक असला तर गाडी दुसऱ्या बाजूने नेता येते, आणि रेकचा वापर दुप्पट होतो. फक्त नरडाण्याला नवी लाईन जोडताना जळगावच्या दिशेने सरळ निघायची सोय ठेवली गेली पाहिजे. धुळ्याच्या मंडळींनी यावर आत्ताच डोळा ठेवावा. पाचोरा–जामनेर, आपली पीजे, ब्रॉडगेज होऊन बोदवडला जोडली गेली की तिकडचा प्रवासीही याच जाळ्यात येईल.

आता विमानतळ. इथे माझं मत तुम्हाला आवडणार नाही कदाचित, पण ते विचार करून बनलेलं आहे. फक्त विमानतळासाठी रेल्वे मागू नका.

जळगाव विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये झालं, डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतून मुंबईचं विमान सुरू झालं, मग बंद झालं, पुन्हा दुसऱ्या कंपन्या आल्या. धावपट्टी १,७०० मीटरची, त्यामुळे इथे एटीआर जातीचं, सत्तरेक आसनांचं विमान उतरतं. आता आठ डब्यांच्या मेमूत नुसती बसून सहाशेच्या आसपास माणसं जातात, उभी धरली तर दोन हजारांच्या वर. पूर्ण भरलेल्या विमानाचे सगळे प्रवासी एका डब्यात मावतात. स्टेशनपासून कुसुंबा सहा-सात किलोमीटर. तेवढ्यासाठी जमीन घेऊन, महामार्गावर पूल बांधून रूळ टाकले आणि हंगाम बदलून विमानं कमी झाली, तर त्या रुळांवरून कोण जाणार?

मोठ्या शहरांचे अनुभव हेच सांगतात. दिल्लीची विमानतळ मेट्रो, २२.७ किलोमीटरची, फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली. जुलै २०१२ मध्ये तांत्रिक दोषांमुळे बंद झाली, जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा उघडली, आणि त्याच वर्षी खासगी चालकाने हात काढून घेतला. ती दिल्ली मेट्रोकडे आली. पुढे भाडी कमी केली, रोजचे प्रवासी तिच्यात आले, तेव्हा ती सावरली. बंगळूरला विमानतळाजवळ जानेवारी २०२१ मध्ये रेल्वेचा थांबा सुरू केला. थांबा चांगला, पण गाड्या मोजक्याच, आणि विमान काही गाडीसाठी थांबत नाही. हैदराबादचा विमानतळ २००८ मध्ये शमशाबादला गेला. तिथली एमएमटीएस लोकल २००३ पासून धावते, पण तिचे रूळ विमानतळाच्या दारापर्यंत गेलेले नाहीत, उमदानगरला उतरून पुढे काही किलोमीटर रस्त्यानेच जावं लागतं.

याउलट चेन्नईचं तिरुसुलम बघा. बीच–तांबरम ही जुनी, रोजच्या माणसांची लोकल लाईन. तिच्यावरचं एक साधं स्टेशन विमानतळाच्या समोर आहे. उतरायचं, रस्ता ओलांडायचा, विमानतळात जायचं. गाड्या दिवसभर थोड्या-थोड्या वेळाने येतात, कारण त्या विमानाच्या प्रवाशांसाठी चालतच नाहीत. त्या चालतात कारखान्यांत, दुकानांत, शाळांत जाणाऱ्यांसाठी. विमानाचा प्रवासी त्यात आपोआप सामावतो, आणि विमानतळावर काम करणारी माणसंही सामावतात. तुमच्या शहराला हाच मार्ग लागू पडतो.

म्हणजे जळगावसाठी काय? आज: विमानाच्या वेळेला जुळलेली बस, स्टेशन आणि नवीन बसस्थानक दोन्हीकडून, विमान उशिरा आलं तर थांबणारी. हे महापालिका आणि एसटीच्या हातात आहे आणि एका हंगामात करून बघता येतं. उद्या: जालना–जळगाव १७४ किलोमीटरची नवी लाईन ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाली आहे, अजिंठ्याला जोडणारी. विमानतळही शहरातून अजिंठ्याकडे निघणाऱ्या रस्त्यावरच आहे. ती लाईन ज्या गावांजवळून जाईल, त्यांत कुसुंब्याच्या आसपास एक थांबा बसत असेल तर तो मागा. पण मागताना "विमानतळ स्टेशन" म्हणून मागू नका. त्या बाजूची वाढती वस्ती, एमआयडीसीचे कामगार आणि जोडीला विमानतळ, असं लिहा. लाईन विमानतळापासून लांबून गेली तर हट्ट धरू नका, बस चालू ठेवा.

खान्देशातल्या पुष्कळ प्रवाशांचा विमानतळ अजून मुंबईच आहे, म्हणून एक उपयोगाची गोष्ट सांगून टाकतो. मुंबईची मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावते. सीएसएमटीला उतरलात तर तिथूनच भुयारी मेट्रोने थेट विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलला जाता येतं. आईवडिलांना सामानासह दादरचा जिना चढवून टॅक्सी शोधायची गरज राहिलेली नाही.

पैशांचं बोलायला हवं, कारण शेवटी फाईल तिथेच येऊन बसते. रेल्वेला थांबत जाणारी गाडी चालवून तोटा होतो. तो मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून निघतो. त्यामुळे झोन स्वतःहून लोकल वाढवत नाही. जिथे लोकल वाढली तिथे राज्याने वाटा उचलला. मुंबईत त्यासाठी १९९९ मध्ये रेल्वे आणि राज्य सरकारची ५१:४९ भागीदारीची वेगळी कंपनी काढली. हैदराबादच्या एमएमटीएस लोकलच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याचा वाटा दोन तृतीयांश ठरला. बंगळूरची १४८ किलोमीटरची उपनगरी रेल्वे ऑक्टोबर २०२० मध्ये १५,७६७ कोटींना मंजूर झाली, म्हणजे किलोमीटरमागे शंभर कोटींच्या वर. जळगावला तसलं काही स्वतंत्र बांधायचं नाहीये. आपल्याला जे रूळ होतच आहेत त्यांवर फलाट, पूल आणि दोन रेक हवे आहेत. राज्याकडे मागायचं ते एवढ्याच्या वाट्याचं, आणि महारेल ही राज्य-रेल्वे भागीदारीची कंपनी त्यासाठी उपलब्ध आहे. जिल्हा नियोजनातून फलाटापर्यंतचे रस्ते, स्टेशनबाहेर सायकल-मोटारसायकल लावायची जागा, दिवे हे करता येतं. त्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागत नाही.

फाटकांचा विषयही यातच येतो. पिंप्राळा फाटकाचे दिवस आणि शिवाजीनगरचा पूल बंद असतानाचे हाल जळगावकर विसरलेले नाहीत. गाड्या वाढल्या की उरलेली फाटकं जास्त वेळ बंद राहतील आणि तुमच्याच शेजारचा माणूस लोकलच्या विरोधात उभा राहील. जिथे फाटक आहे तिथे आधी पूल किंवा भुयारी रस्ता, हे निवेदनात लिहा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही स्पष्ट सांगतो. मनमाडपर्यंतच्या नव्या लाईन पूर्ण होईपर्यंत जळगाव–चाळीसगाव पट्ट्यात सकाळी एकाहून जास्त फेरी बसवणं कठीण आहे. भुसावळ–जळगावला आणि अमळनेर–भुसावळला मात्र आत्ताच मागणी लावून धरण्यात अर्थ आहे. एखाद्या वर्षी मालवाहतूक जोरात असली तर पाथ मिळणार नाही, मंदावली तर मिळेल. आणि नवं वेळापत्रक बनतं त्याच्या कित्येक महिने आधी झोनकडे प्रस्ताव पोचलेला असला पाहिजे. छापून झाल्यावर दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जातं. विभागीय रेल्वे प्रवासी सल्लागार समितीत आपल्या भागाचा सदस्य कोण आहे ते शोधून काढा आणि बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी घ्यायला लावा. तोंडी विषयाला तोंडीच उत्तर मिळतं.

निवेदनाला जोडायला सह्यांपेक्षा मोजणी जमवा. भुसावळ, भादली, जळगाव, पाळधी, शिरसोली, पाचोरा या ठिकाणी सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, दर अर्ध्या तासाला किती माणसं चढली, किती उतरली. आडवारी मोजा, सोमवारी नको, लग्नसराईत आणि यात्रेच्या दिवसांत तर नकोच. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या पाळ्या किती वाजता सुटतात-लागतात ते लिहून घ्या. आणि रेल्वे सोडून एसटीने, काळी-पिवळीने, मोटारसायकलने महामार्गावरून येणाऱ्यांचीही मोजणी करा. पास किती विकले गेले हे रेल्वेला माहीत असतं. गाडीची वेळ जुळत नाही म्हणून जो पास काढतच नाही, त्याचा आकडा तिच्याकडे नसतो, आणि तो तुम्हीच देऊ शकता. कॉलेजची मुलं या कामाला आनंदाने येतात, माझा अनुभव आहे.

आकडे हाती आले की मला पाठवा. भुसावळ–जळगाव–पाचोरा आणि अमळनेर–भुसावळ, दोन्हींच्या सकाळच्या फेऱ्यांचा तक्ता सध्याच्या मेल-एक्सप्रेसच्या वेळांमध्ये बसवून देतो. तो जोडून निवेदन पाठवा.